आडवी पडलेली चित्रफीत



पोळ्याचा दुसरा दिवस. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले आहे, त्याला झेंडा लावलेला आहे, आणि दोन्ही तीरांवर माणसांची दाटी झाली आहे. गोटमार सुरू होते. पूर्वी हा प्रकार पाहून आलेला मनुष्य घरी परतल्यावर तोंडाने वर्णन सांगत असे. आता त्याच्या हातात मोबाइल फोन असतो. पुढच्यांची डोकी आड येतात म्हणून तो हात उंचावतो, फोन नदीकडे कलता करतो आणि दिसेल ते टिपत राहतो. रात्री ती चित्रफीत संगणकावर उघडावी, तो काय! भिंतीवरून पाणी ओघळावे तशी जाम नदी वरून खाली उभी वाहते आहे, माणसे मुंग्यांसारखी भिंतीवर चढत आहेत आणि आकाश डाव्या हाताला जाऊन बसले आहे. घरातील मंडळी काही वेळ माना वाकड्या करून पाहतात. मग कोणीतरी कंटाळून म्हणतो, "बिघडला हा व्हिडिओ, टाका पुसून."

आजचे माझे सारे बोलणे या शेवटच्या वाक्याविरुद्ध आहे. गोटमारीचे दगड एकदाचे थांबावेत असे ज्यांना वाटते त्यांच्यापैकी मी एक आहे. पण तो विषय आजचा नव्हे. आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, आडवी दिसणारी चित्रफीत ही शंभरांतील बहुतेक वेळा बिघडलेली नसते. तिच्यातील चित्र जसेच्या तसे, अखंड असते. चुकलेली असते ती त्या चित्रासोबत जाणारी एक लहानशी चिठ्ठी, किंवा ती चिठ्ठी वाचणारा संगणकातील कार्यक्रम.

एवढ्याशा गोष्टीसाठी नभोवाणीचा वेळ कशाला, असे आपण म्हणाल. त्याचे कारण आमच्या भागाच्या स्थितीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. बाजार आणि दवाखान्यासाठी नागपूर, सरकारी कागदपत्रांची भाषा हिंदी, आणि घरात चुलीपाशी मराठी, असा आमचा तिहेरी संसार आहे. येथली बोली, येथल्या लग्नांतील गाणी, जात्यावरच्या ओव्या, बैलांना हाकण्याचे शब्द, हे सारे पुस्तकांत फारसे उतरलेले नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. आणि आता, कोणी ठरवून नव्हे, तर सहज हौसेने, ते फोनांमध्ये साठू लागले आहे. दहा-बारा वर्षांत आमच्या गावांतील घराघरांनी जेवढे आवाज आणि चेहरे टिपून ठेवले असतील तेवढे त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत टिपले गेले नसतील. हा ठेवा 'आडवा आला' म्हणून पुसला जात असेल तर त्याबद्दल दोन शब्द बोलणे मला आवश्यक वाटते.

कागदावरच्या फोटोची गोष्ट निराळी होती. आल्बममधील एखादा फोटो आडवा चिकटवलेला असला तर आपण आल्बमच फिरवून धरीत असू. त्यात काही अडचण आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. सिनेमाच्या बाबतीत प्रश्नच नव्हता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला तेव्हापासून पडदा हा रुंदीने अधिक आणि उंचीने कमी असाच राहिला. कॅमेरा तिवईवर सरळ उभा, प्रक्षेपक सरळ उभा, पडदा भिंतीला घट्ट. त्यांतील एकही गोष्ट कोणी फिरवीत नसे. घोटाळा सुरू झाला तो हातात मावणाऱ्या आणि कोणत्याही दिशेला वळणाऱ्या फोनमुळे. पाहण्याचे साधन मात्र, म्हणजे संगणकाचा पडदा, टेबलावर ठाण मांडून बसलेले. तो पडदा उचलून आडवा धरणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही, मान आडवी करणारे मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

आता फोनच्या आत काय घडते ते पाहू. फोनच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी जी पट्टी असते ती आयताकृती असून फोनच्या अंगात पक्की बसवलेली असते. तिची लांब बाजू फोनच्या लांबीच्या दिशेने असते. तुम्ही फोन उभा धरा वा आडवा, ती पट्टी फोनबरोबर फिरते आणि आपल्या पद्धतीने बिंदूंच्या ओळी वाचून काढते. उभ्या फोनने टिपलेले चित्र म्हणूनच फाइलीत पुष्कळदा आडवे साठवलेले असते. सेकंदाला तीस चित्रे येत असता प्रत्येक चित्र उचलून सरळ करीत बसणे हे यंत्राला कष्टाचे काम आहे. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी की, चित्र जसे आले तसे ठेवावे आणि फाइलीच्या आरंभी एक चिठ्ठी लिहावी: 'दाखवताना हे नव्वद अंशांतून उजवीकडे फिरवून दाखवावे.' स्थिर फोटोंसाठी ही चिठ्ठी एक्झिफ नावाच्या नोंदीत असते. ती पद्धत १९९५ सालची आहे आणि तीत फोटोची बाजू एक ते आठ यांपैकी एका अंकाने सांगितलेली असते. चित्रफितीच्या एमपी-फोर फाइलीत ही चिठ्ठी म्हणजे नऊ अंकांचा एक चौकोनी कोठा असतो. बारावीला गणित घेतलेल्या मुलांना ओळी आणि स्तंभ यांची असली मांडणी ओळखीची असेल. नऊ अंक, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे सगळी मिळून छत्तीस बाइट जागा. तीन-चारशे मेगाबाइटच्या फाइलीत छत्तीस बाइट! पोत्यावर लावलेल्या कागदाच्या पट्टीएवढेसुद्धा हे नव्हे.

ही चिठ्ठी फोन कशावरून लिहितो? फोनच्या पोटात एक ओळंबा आहे. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला वजन बांधून जो ओळंबा सोडतो, त्याचाच हा अतिसूक्ष्म भाऊ. सिलिकनचा एक बारीक तुकडा सिलिकनच्याच लवचीक पट्ट्यांवर तोललेला असतो. पृथ्वी त्याला ओढते, तो किंचित सरकतो, आणि त्या सरकण्याने विजेच्या मापात जो फरक पडतो त्यावरून फोनला कळते की खालची बाजू कोणती. फोन आडवा केला की पडद्यावरचे चित्र आपोआप वळते ते याच्याच जोरावर. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनमध्येही तो होता.

आता हाच ओळंबा कधी गोंधळतो ते ध्यानात घ्या, कारण आपल्या आडव्या चित्रफितींचे मूळ बहुधा तेथे आहे. फोन उभा असेल तर वजन खालच्या कडेकडे झुकते, आडवा असेल तर डाव्या किंवा उजव्या कडेकडे. पण फोन टेबलावर पाट ठेवावा तसा सपाट धरला, म्हणजे कॅमेरा थेट जमिनीकडे रोखला, तर वजन फोनच्या पाठीकडे झुकते आणि चार कडांपैकी 'खाली' कोणती हे त्याला सांगताच येत नाही. मग बहुतेक फोन आपल्या ठाऊक असलेल्या शेवटच्या दिशेला धरून राहतात. ती बरोबर असली तर दैव, नसली तर चित्रफीत आडवी. आता आमच्या भागातील माणसे काय टिपतात ते आठवून पाहा. संत्र्याचा व्यापारी बागेत पडलेला ढीग वरून दाखवतो. मुली अंगणातील रांगोळी वरून टिपतात. तान्ह्या पोळ्याला लहान मुलांचे लाकडी बैल जमिनीवर मांडलेले असतात, ते आई वरून टिपते. आणि गोटमारीच्या दिवशी पुलावरून, गच्चीवरून, डोक्यावर हात उंच करून लोक खाली नदी टिपतात. प्रत्येक वेळी फोन सपाट किंवा जवळजवळ सपाट.

माझ्या वर्गातील एका मुलाने मध्यंतरी पेन-ड्राइव्ह आणून माझ्यापुढे ठेवला. "सर, आमच्या आजीचा व्हिडिओ आडवा झाला जी, मान वाकडी करून पाहा लागते. बाबा म्हणते, याचा आता काही उपयोग नाही." आजी हिवाळ्यात वारली होती. तिच्या हयातीत काकूने सहज म्हणून टिपलेली ती फीत होती. म्हातारी जात्यापाशी बसून ओव्या म्हणते आहे, आणि जात्याचे फिरणे दिसावे म्हणून काकूने शेजारी उभे राहून फोन वरून सरळ खाली धरला आहे. चार मिनिटांहून थोडी अधिक. आवाज स्वच्छ, दळण्याची घरघर स्वच्छ, म्हातारीच्या हातातील काकणे स्पष्ट. फक्त सारे आडवे. मुलाच्या वडिलांनी गावातील एका दुकानात विचारले असता त्यांना सांगण्यात आले होते की, हे टिपतानाच चुकले, आता दुरुस्त व्हायचे नाही. ते सांगणे खोटे होते असे मी म्हणत नाही. सांगणाऱ्याला ठाऊक नसावे. शाळेच्या संगणकावर ती चिठ्ठी बदलावयास आम्हाला एक मिनिटही लागले नाही. मुलगा पाहत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आजी सरळच होती का जी?" हो, सरळच होती.

तेव्हा उपायांकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे रोगाची परीक्षा. तीच फाइल दोन निरनिराळ्या कार्यक्रमांत उघडून पाहावी. एकात सरळ आणि दुसऱ्यात आडवी दिसली, तर चिठ्ठी बरोबर आहे, पण दुसऱ्या कार्यक्रमाला ती वाचता येत नाही, असे समजावे. जुन्या संगणकांवर हे फार आढळते. व्हीएलसी नावाचा जो सर्वत्र फुकट मिळणारा कार्यक्रम आहे, १९९६ साली पॅरिसमधील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ज्याचा जन्म झाला, तोसुद्धा फोनच्या चित्रफिती आपोआप सरळ करून दाखवू लागला तो २०१५ सालच्या आवृत्तीपासून. ज्याच्याकडे त्याआधीची आवृत्ती आहे त्याने नवी घेतली तरी पुष्कळदा सगळा प्रश्न तेथेच मिटतो. दोन्हींकडे आडवीच दिसली तर मात्र चिठ्ठीच चुकीची आहे.

नुसते सरळ पाहावयाचे असेल तर व्हीएलसीत 'टूल्स' या यादीत 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स' उघडावे, तेथे 'व्हिडिओ इफेक्ट्स' आणि त्यात 'जिऑमेट्री'. 'ट्रान्सफॉर्म' या शब्दापुढे खूण करून नव्वद अंश, एकशे ऐंशी किंवा दोनशे सत्तर यांपैकी योग्य ते निवडावे. चित्र तत्काळ सरळ होते. पण हे लक्षात ठेवावे की, येथे फाइलीला हातही लागलेला नाही. आपण जणू चष्मा लावला आहे. दुसऱ्याच्या संगणकावर ती फीत पूर्वीसारखीच आडवी दिसेल. आणि काम झाल्यावर ती खूण काढून टाकावी, नाही तर पुढची सरळ फीत आडवी दिसून नवाच गोंधळ होतो.

कायमचा उपाय करावयाचा तर मार्ग दोन. एक, चिठ्ठी बदलणे. दुसरा, चित्रच फिरवणे. लोक बहुधा दुसऱ्याकडे धाव घेतात, कारण बाजारातील बहुतेक संपादनाचे कार्यक्रम तेवढेच करतात. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. सेकंदाला तीस चित्रे धरली तर मिनिटाला अठराशे. म्हणजे एका मिनिटाच्या फितीसाठी सुमारे ३७३ कोटी बिंदू आपल्या जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवावयाचे, पहिली ओळ शेवटचा स्तंभ करावयाची, दुसरी ओळ त्याच्या अलीकडचा, आणि मग ते सारे पुन्हा दाबून बारीक करून फाइलीत भरावयाचे. यास वेळ लागतो ते सोडा. या पुन्हा दाबण्यात प्रत्येक वेळी चित्राचा थोडा कस जातो. धुतलेले लुगडे पुन्हा पुन्हा आपटावे तसे. चिठ्ठी बदलण्यात यांतील काहीच होत नाही. छत्तीस बाइट बदलतात, चित्राच्या एकाही बिंदूला धक्का लागत नाही.

चिठ्ठी बदलण्याचे काम लॉसलेसकट नावाच्या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमात एका बटणाने होते. फाइल त्यात टाकावी, फिरवण्याचे बटण दिशा जुळेपर्यंत दाबावे आणि नव्या नावाने फाइल बाहेर काढावी. ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी एफएफएमपेग हे मूळ हत्यार आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने २००० साली ते आरंभिले आणि आज जगातील कितीतरी चित्रफितींचे कार्यक्रम आतून त्यावरच चालतात. त्यात 'कॉपी' असे सांगून नुसती चिठ्ठीही बदलता येते आणि 'ट्रान्सपोज' हा शब्द वापरून खरोखरीचे चित्रही फिरवता येते. ट्रान्सपोजपुढे १ लिहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, २ लिहिल्यास उलट. येथे एक फसगत आहे. हा कार्यक्रम आधी चिठ्ठीप्रमाणे चित्र सरळ करून घेतो आणि मग आपली आज्ञा पाळतो. चिठ्ठी मुळात बरोबर असली, तर आपण फिरवू जातो आणि सरळ झालेले पुन्हा आडवे होते. म्हणूनच आधी परीक्षा करावी असे मी म्हणालो.

खरोखर चित्र फिरवण्याची वेळही कधी येते. ज्या यंत्राला चिठ्ठी वाचताच येत नाही, उदाहरणार्थ एखादा जुना दूरचित्रवाणी संच किंवा शाळेतील जुना प्रक्षेपक, त्याच्यासाठी दुसरा इलाज नाही. त्याकरिता हँडब्रेक, शॉटकट, अॅव्हिडेमक्स हे फुकट कार्यक्रम आहेत. मॅक संगणकावरील क्विकटाइम प्लेयरमध्ये 'एडिट' या यादीतच फिरवण्याची सोय आहे. विंडोजच्या नव्या आवृत्तीत क्लिपचॅम्प येते. पुष्कळ ठिकाणी अजून जुना मूव्ही मेकर सांगतात. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १० जानेवारी २०१७ रोजी काढून घेतला, तेव्हा कोठून तरी भलतीच फाइल उतरवून घेऊन संगणकाला रोग लावून घेऊ नये. आणि संगणक नसेलच तर फोनमधील गूगल फोटोजसारख्या कार्यक्रमातही चित्रफीत फिरवून तिची वेगळी प्रत ठेवता येते. कोणताही कार्यक्रम घ्या, फक्त बाहेर आलेली फाइल दुसऱ्या एका ठिकाणी उघडून पाहा. काही कार्यक्रम चित्र फिरवतात आणि जुनी चिठ्ठी तशीच ठेवून देतात. मग फिरलेले चित्र पुन्हा फिरते.

काही दुखणी या औषधाने बरी होत नाहीत, ती ओळखता आली पाहिजेत. टिपण्यास सुरुवात करतेवेळी फोन ज्या दिशेला असेल ती दिशा साऱ्या फितीसाठी ठरून जाते. अर्धे लग्न फोन उभा धरून टिपले आणि मंगलाष्टकांच्या वेळी तो आडवा केला, तर पुढचा भाग आडवाच राहणार. येथे एक चिठ्ठी पुरत नाही. फीत जेथे वळली तेथे कापून दोन तुकडे करावे, दुसरा तुकडा फिरवावा आणि मग जोडावे, किंवा दोन तुकडे वेगळेच राहू द्यावे; मला तर दुसरे बरे वाटते. दुसरे दुखणे आरशाचे. पुढच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या फितीत कधी फळ्यावरची अक्षरे उलटी दिसतात. ते कितीही अंश फिरवले तरी सुलटे होणार नाही. त्यास डावे-उजवे पालटावे लागते, त्याची आज्ञा वेगळी असते. आणि तिसरे तर दुखणेच नव्हे. उभ्या फोनने टिपलेली फीत संगणकावर सरळ दिसते, पण मध्ये एक उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळोख. पडद्याची जेमतेम एक-तृतीयांश जागा भरते. हे पाहून पडदा भरावा म्हणून ती आडवी करणारे लोक आहेत! उभ्या माणसाला घर मोठे दिसावे म्हणून आडवे निजवण्यासारखेच ते आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आपल्या विशेष लक्षाची मागणी करतो ती. मूळ फाइल पुसू नका आणि तिच्यावर दुसरी लिहू नका. जे काही करावयाचे ते प्रतीवर. घरगुती आठवणींसाठी हा सल्ला आहे, पण ज्या चित्रफितीवरून उद्या कोणाला न्याय मागावयाचा असेल तिच्यासाठी तो सल्ला नसून बंधन आहे असे समजावे. गोटमारीत माणसे जखमी होतात, प्राणासही मुकली आहेत. अपघात असतो, शेताच्या धुऱ्यावरची मारामारी असते, आणि कोणाच्या तरी फोनमध्ये ते टिपलेले असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमान्वये असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या फाइलीचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलीतील प्रत्येक अंशावर गणित चालवून काढलेली एक लांबलचक खूण. जणू फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. फाइलीत एक बाइट बदलला तरी हा ठसा सर्वस्वी बदलतो. ज्या छत्तीस बाइटांचे मी एवढे कौतुक केले ते बदलले तरीही बदलतो. म्हणून पुराव्याची फीत आडवी असेल तर ती आडवीच ठेवावी, चष्म्याच्या पद्धतीने, म्हणजे व्हीएलसीत फिरवून, पाहावी आणि दाखवावी. आणि शक्य तर ज्या फोनने टिपली तो फोनही जपून ठेवावा.

हे मी कायदेपंडित म्हणून सांगत नाही. पण जालन्याच्या २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीचा खटला ज्यांनी वर्तमानपत्रांत वाचला असेल त्यांना आठवेल. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील कॅमेऱ्याने टिपलेल्या फिती हा त्यातील मोठा पुरावा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणून शाबीत केले नाही, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. तेव्हा कायदा जुना, १८७२ सालचा होता. नव्याने हे तत्त्व अधिकच काटेकोर केले आहे. ज्या फितीची फिरवाफिरव करून मूळ पुसून टाकले आहे, तिच्याविषयी असे प्रमाणपत्र देणार तरी कोण, आणि कशाच्या आधारावर?

व्हॉट्सअॅपविषयीही येथेच सांगतो. त्यावरून साध्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत वाटेत पुन्हा दाबून लहान केली जाते; समोरच्याला मिळते ती मूळ फाइल नव्हे. मूळच पाठवावयाची असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, किंवा तारेने संगणकात घ्यावी. आजीची फीत साऱ्या नातेवाइकांना पाठवली आहे, तेव्हा फोनमधील पुसली तरी चालेल, असे मानणारी घरे मी पाहिली आहेत. त्या घरांत आता जे उरले आहे ते मूळ नाही.

सौंसरजवळ जामसावळीला जो हनुमंत आहे तो निजलेला आहे. पिंपळाखाली आडवी असलेली ती मूर्ती पाहण्यास दुरून लोक येतात. संगणकाला शहाणा समजणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. फोनमधील ओळंब्याला फक्त पृथ्वीची दिशा कळते. कोण उभे आहे, कोण निजले आहे आणि कोणास निजलेलेच दिसावयास हवे, हे त्याला कळत नाही. संपादनाचे काही नवे कार्यक्रम चेहरे ओळखून चित्र आपोआप सरळ करून देऊ म्हणतात. खाटेवर निजलेल्या आजोबांना त्यांनी उभे केले तर आश्चर्य वाटावयास नको. म्हणून फिरवण्यापूर्वी चित्रातील दुसऱ्या खुणा पाहाव्यात. दाराची चौकट, लोंबणारा दिवा, भांड्यातील पाण्याची पातळी, पडणारे पीठ. पाणी आणि पीठ कधी चुकत नाहीत.

टिपतानाच काळजी घेतली तर यांतील बरेच कष्ट वाचतात. वरून खालचे काही टिपावयाचे असेल तर आधी फोन समोर उभा किंवा आडवा, जसा हवा तसा, क्षणभर सरळ धरावा. पडद्यावरील खुणा वळल्या की टिपणे सुरू करावे आणि मगच फोन खाली कलवावा. एकदा सुरू केल्यावर तो वळवू नये. आणि घरी आल्यावर फाइलीचे नाव बदलावे. 'व्हीआयडी' आणि त्यापुढे चौदा आकडे हे नाव फोनला पुरते, घराला पुरत नाही. त्या मुलाच्या फाइलीला आम्ही नाव दिले ते असे: आजीचे नाव, तिचे माहेरचे गाव, 'जात्यावरच्या ओव्या', आणि वर्ष. एक प्रत त्याच्या घरी राहिली, एक मामाकडे नागपूरला गेली, आणि आडवी होती ती मूळ फीत पेन-ड्राइव्हमध्ये तशीच आडवी ठेवली आहे.